फाईल उघडत नाही, तेव्हा नेमकं काय घडत नाही?



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा संगणक-दुरुस्तीचा तास कुठून आला? न उघडणाऱ्या फायलीसाठी माणूस फार तर शेजारच्या मुलाला हाक मारतो, व्याख्यानाला कशाला येईल? पण या छोट्या अडचणीला चांगला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक मोठा भाग आपल्या भाषेचा आहे. साधारण १९९० ते २००५ या काळात मराठीत जे संगणकावर लिहिलं गेलं, जुळवलं गेलं, छापलं गेलं, त्यातलं बरंचसं आज चकत्यांवर आणि जुन्या हार्डडिस्कवर पडून आहे. ते आहे, पण उघडत नाही. ते परत मिळवता येईल की नाही, हे पुढच्या काही वर्षांत आपण काय करतो त्यावर ठरणार आहे. म्हणून हा विषय.

माझं शास्त्र तत्त्वज्ञानाचं, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

अंधारातला घट

मीमांसेत, कुमारिल भट्टांच्या परंपरेत, अनुपलब्धी नावाचं एक प्रमाण मानलं जातं. जमिनीवर घट नाही, हे मला कसं कळलं? घट दिसला नाही, यावरून कळलं. न दिसणं हेच इथे ज्ञानाचं साधन. पण त्यांनी लगेच एक अट घातली. ते म्हणतात, अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. म्हणजे घट तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. खोलीत दिवा हवा, माझे डोळे शाबूत हवेत. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून घट नाही असं म्हणता येत नाही. फक्त अंधार आहे एवढंच म्हणता येतं.

आता पडद्यावर संदेश येतो, ‘फाईल उघडता आली नाही’. आपण काय समजतो? फाईल गेली. फाईल खराब झाली. आणि ती पुसून टाकतो, किंवा जुनी सीडी रद्दीत देतो. ही अयोग्य अनुपलब्धी झाली. फाईल असती तर या यंत्राला, या आज्ञावलीला ती दिसलीच असती का, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या एका अटीभोवती आहे.

फाईल उघडते म्हणजे एकामागोमाग चार गोष्टी घडतात. पहिली, ज्या वस्तूवर ती नोंदली आहे, म्हणजे फ्लॉपी, सीडी, टेप, पेनड्राइव्ह, ती वस्तू यंत्राला वाचता येते. तिला वाहक म्हणू. दुसरी, आतल्या मजकुराची बांधणी कुठल्या पद्धतीची आहे हे आज्ञावलीला ओळखू येतं. ते वेष्टन. तिसरी, वेष्टनातल्या आकड्यांपैकी कोणता आकडा कोणत्या अक्षरासाठी आहे हे ठाऊक असतं. तो संकेत. आणि चौथी, ते अक्षर वाचणारा माणूस असतो. यातली कुठलीही एक कडी तुटली की आपण एकच वाक्य म्हणतो, ‘उघडत नाही’. चार वेगवेगळ्या आजारांना एकच नाव. मग उपचार कसा लागू पडणार?

नऊशे वर्षांचं पुस्तक आणि पंधरा वर्षांची तबकडी

पहिल्या कडीचं प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडचं आहे. विल्यम राजाने १०८५ च्या नाताळात आपल्या राज्याची पाहणी करायचा हुकूम सोडला. कोणाची किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या, हे सगळं १०८६ मध्ये नोंदलं गेलं. तेच डूम्सडे बुक. ते आजही लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

त्याला नऊशे वर्षं होणार म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवं डूम्सडे काढलं. देशाचे चार किलोमीटर बाय तीन किलोमीटरचे चौकोन पाडले, हजारो शाळांतल्या मुलांना आपापल्या चौकोनाबद्दल लिहायला सांगितलं, फोटो काढायला सांगितले. दहा लाखांहून जास्त लोकांचा त्यात हातभार लागला. हे सगळं दोन लेझर तबकड्यांवर साठवलं. त्या चालवायला खास फिलिप्सचा प्लेअर आणि बीबीसी मास्टर नावाचा संगणक लागायचा. संच महाग, सुमारे पाच हजार पौंडांचा, म्हणून फारच थोडे विकले गेले. पुढे तसले प्लेअर बनायचे बंद झाले. आणि पंधरा वर्षांच्या आत लोक विचारू लागले, की हे आता वाचायचं कशावर?

ते वाचवलं गेलं. लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन या प्रकल्पाने २००२ मध्ये जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली तयार करून दाखवली. म्हणजे नव्या संगणकाने जुन्या संगणकाचं सोंग घ्यायचं, आणि जुन्या आज्ञावलीला पत्ताही लागू द्यायचा नाही. पुढे २०११ मध्ये बीबीसीने त्यातला सामाजिक भाग संकेतस्थळावर आणला. तबकडी मेलेली नव्हती. तिच्या खोलीतला दिवा तेवढा विझला होता.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक एक धडा काढतात, की चामड्यावरचं लेखन टिकतं आणि संगणकावरचं टिकत नाही. हा धडा अर्धाच खरा आहे. तुम्ही क्यूला गेलात आणि १०८६ चं पुस्तक तुमच्या पुढ्यात उघडून ठेवलं, तर तुम्हाला काय कळेल? ते लॅटिनमध्ये आहे, आणि लॅटिनही अर्धंमुर्धं. शब्दांची संक्षिप्त रूपं, वर रेघा, चिन्हं. १७८३ मध्ये ते पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा ही चिन्हं दाखवण्यासाठी वेगळे खिळे तयार करावे लागले होते. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यासाठी खास फॉन्ट बनवला गेला! म्हणजे वाहक नऊशे वर्षं टिकला, तरी संकेत टिकवायला दर पिढीत ते वाचणारी माणसं लागली. ती इंग्लंडमध्ये सतत होती. पुस्तक टिकलं यात कातड्याचा वाटा मोठा खराच, पण ते आजही उघडतं याचं श्रेय त्या माणसांना द्यावं लागतं.

अमेरिकेतलं एक उदाहरण याला जोडून सांगतो. १९६६-६७ मध्ये नासाने चंद्राभोवती पाच लुनार ऑर्बिटर यानं पाठवली. त्यांनी पाठवलेली चित्रं मोठ्या चुंबकीय फितींवर नोंदली गेली. फिती राहिल्या, पण त्या वाचणारी यंत्रं मोडीत निघाली. नॅन्सी इव्हान्स नावाच्या नासाच्या अभिलेखपालांनी ती अवजड यंत्रं मिळवली आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या घरी जपून ठेवली. त्या यंत्रांची दुरुस्ती करून २००८ मध्ये त्या फितींमधून चंद्राच्या क्षितिजावरच्या पृथ्वीचं चित्र पुन्हा बाहेर काढलं गेलं, आणि ते १९६६ मध्ये जगाने पाहिलं त्याहून कितीतरी स्पष्ट निघालं. फितीत ते सगळं चाळीस वर्षं होतंच.

नाव आणि रूप

आता दुसरी कडी, वेष्टन. इथे आपल्याकडची नामरूपाची चर्चा फार कामाला येते.

फायलीच्या नावामागे टिंब देऊन तीन-चार अक्षरं असतात. डॉक, पीडीएफ, जेपीजी. हे झालं नाव. ते कोणीही बदलू शकतं. डब्यावर ‘साखर’ लिहिलंय, म्हणून आत साखरच असेल असं नाही. मीठही असू शकतं. विंडोज मात्र डब्यावरची चिठ्ठी वाचून ठरवतं, की कोणत्या आज्ञावलीला बोलवायचं. चिठ्ठी चुकली की चुकीचा माणूस येतो आणि म्हणतो, मला उघडत नाही.

पण फायलीच्या आत, अगदी सुरुवातीच्या काही अंकांत, तिची खरी ओळख सहसा कोरलेली असते. हे झालं रूप. पीडीएफ फाईल टक्क्याच्या चिन्हाने आणि पीडीएफ या अक्षरांनी सुरू होते. झिप फाईल पी आणि के या अक्षरांनी सुरू होते. ही फिल कॅट्झ या तिच्या निर्मात्याची आद्याक्षरं. आणि वर्डची जुनी डॉक फाईल? षोडशमान पद्धतीत तिचे पहिले अंक आहेत डी, शून्य, सी, एफ, एक, एक, ई, शून्य. जरा डोळे बारीक करून पाहा. शून्याला ओ समजा, पहिल्या एकला आय आणि दुसऱ्याला एल समजा. ‘डॉकफाईल’ असा शब्द दिसतो! कोणा प्रोग्रामरने कोट्यवधी फायलींच्या कपाळावर हा शब्द लिहून ठेवला, आणि आपण त्या आयुष्यभर वापरल्या.

२००७ मध्ये वर्डने वेष्टन बदललं. डॉकचं डॉकएक्स झालं. ही नवी फाईल म्हणजे मुळात एक झिप पिशवी असते, आणि मजकूर तिच्यातल्या एका साध्या फायलीत असतो. त्यामुळे दोन उपयोगाच्या गोष्टी होतात. एक, डॉकएक्स उघडेना तर तिच्या प्रतीचं नाव बदलून शेवटी झिप लिहायचं आणि पिशवी म्हणून उघडायची. चित्रं किंवा मांडणी बिघडली असली तरी मजकूर अनेकदा सहीसलामत हाती येतो. दुसरी गोष्ट, झिपमध्ये काय काय आहे याची यादी पिशवीच्या शेवटी असते. फाईल उतरवताना मध्येच तुटली, पेनड्राइव्ह घाईने ओढला, की नेमकी यादीच राहून जाते. मग सगळा माल आत असून दुकानदार म्हणतो, काही नाही. अशा वेळी पहिला उपाय दुरुस्तीचा नाही, फाईल पुन्हा पूर्ण उतरवण्याचा आहे.

काही वेळा फाईल उघडत नाही ती मुद्दाम. ऑफिस २००३ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने २००७ मध्ये काही जुन्या प्रकारच्या फायली सुरक्षेच्या कारणाने रोखायला सुरुवात केली. काल उघडणारी फाईल आज उघडेना, आणि फायलीला झालेलं काहीच नव्हतं. दारावर नवा पहारेकरी बसला होता.

या सगळ्या गोंधळावर जगाने उपाय काढला तो खुल्या मानकांचा. वेष्टनाची बांधणी कशी आहे हे जाहीर करायचं, म्हणजे कंपनी बुडाली तरी उद्या कोणीही किल्ली बनवू शकेल. ओपन डॉक्युमेंट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं, पीडीएफ आणि डॉकएक्सची पद्धत २००८ मध्ये. जतनासाठीचं पीडीएफ-ए त्याआधी, २००५ मध्येच आलं होतं. त्यात फॉन्ट फायलीच्या आतच बांधावा लागतो.

मराठीची पंधरा वर्षं

आता आपल्या घरी येऊ. तिसरी कडी, संकेत.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, याचा करार लागतो. अमेरिकेत १९६३ मध्ये असा करार झाला, त्याचं नाव आस्की. त्यात १२८ जागा. त्यात इंग्रजीचं भागतं, देवनागरी त्यात कुठून मावणार?

भारतात यावर फार चांगलं काम झालं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं. इस्की नावाचा भारतीय लिप्यांचा करार तयार झाला, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने तो मानक म्हणून स्वीकारला. त्यात एक सुंदर कल्पना होती. साठवायचा तो उच्चार, आणि रूप दाखवणं हे यंत्राचं काम. म्हणून देवनागरी, बंगाली, कन्नड, सगळ्यांचा ‘क’ एकाच आकड्याने साठवला जाई. त्याच १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली होती.

मग एवढं सगळं १९९१ मध्ये तयार असताना घोटाळा कुठे झाला? मधल्या काळात. विंडोज आलं, पेजमेकर आलं, गल्लोगल्ली डीटीपी सेंटर उघडली. या आज्ञावल्यांना इस्की कळत नव्हतं आणि युनिकोडची देवनागरी विंडोजमध्ये आली ती २००० मध्ये. त्यानंतरच्या एक्सपीतही ती सोय वेगळी सुरू करावी लागायची. व्हिस्टापासून ती आपोआप मिळू लागली. काम तर थांबणार नव्हतं. निमंत्रणपत्रिका, दिवाळी अंक, प्रबंध, अहवाल, सगळं छापायचं होतं. मग हुशार लोकांनी युक्ती काढली. संगणकाला वाटू दे की हे इंग्रजीच आहे. फक्त फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचा तुकडा काढून ठेवायचा.

कृतिदेव घ्या. हा हिंदीत अतिशय पसरलेला आणि मराठीतही वापरला गेलेला फॉन्ट. त्यात ‘राम’ लिहिलं की फायलीत काय साठतं? इंग्रजी जे, के, ई. जे म्हणजे र, के म्हणजे काना, ई म्हणजे म. फॉन्ट असेल तोवर राम. फॉन्ट गेला की जे-के-ई. आणि श्री-लिपी, आकृती, आयएसएमचे सुरेख वगैरे फॉन्ट, शिवाजी, किरण, प्रत्येकाची तुकड्यांची मांडणी वेगळी. एकाच गावातल्या दोन डीटीपीवाल्यांची फाईल एकमेकांकडे उघडायची नाही. मराठी संकेतस्थळांवर आधी ‘आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी पाटी असायची, ते तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल.

या युक्तीला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. ती नसती तर त्या पंधरा वर्षांत मराठी संगणकावर आलीच नसती. पण तिची किंमत समजून घेतली पाहिजे. तिने उच्चाराऐवजी चित्र साठवलं.

हा फरक ऱ्हस्व इकारात स्पष्ट दिसतो. ‘किती’ म्हणताना आधी क येतो, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी दिसते. जुने फॉन्ट डोळ्याचा क्रम साठवतात: आधी वेलांटी, मग क. युनिकोड जिभेचा क्रम साठवतं: आधी क, मग वेलांटी, आणि दाखवताना ती पुढे आणतं. रफाराचं उलटं. ‘धर्म’ मध्ये र आधी उच्चारला जातो, पण दिसतो म च्या डोक्यावर. म्हणून जुन्या फायलीत रफार म च्या नंतर आणि युनिकोडमध्ये म च्या आधी. तेव्हा जुन्या मजकुराचं रूपांतर म्हणजे नुसती अक्षराला अक्षराची अदलाबदल नव्हे. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला डोळ्याच्या भाषेतून कानाच्या भाषेत यावं लागतं. जोडाक्षरं, रफार, आणि आपल्या मराठीचा ‘वाऱ्या’तला अर्धा र, इथे ती हमखास अडखळते. म्हणून रूपांतरानंतर मराठी जाणणाऱ्या माणसाने मुद्रितशोधन करणं हा पर्याय नाही, गरज आहे.

आणि इथे एक धोका आहे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजीतलं लहान डी म्हणजे पूर्ण क आणि मोठं डी म्हणजे अर्धा क्, अशी रचना असते. तुम्ही अशी फाईल वर्डमध्ये उघडून त्यात टंकन करू लागलात, आणि वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करण्याची सोय चालू असली, तर वर्ड मदतीच्या भावनेने तुमचं ‘काम’ मोडून ठेवतं. त्याच्या लेखी ते इंग्रजी वाक्य आहे ना!

त्याहून मोठा धोका प्रश्नचिन्हांचा. पडद्यावर अगम्य अक्षरं दिसली, तर घाबरू नका. आकडे शाबूत आहेत, फक्त करार चुकला आहे. योग्य फॉन्ट लावला की मराठी परत येते. पण अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं आली, आणि तुम्ही फाईल तशीच जतन केलीत, तर मूळ आकडेच गेले. पहिली अवस्था कुलूपबंद पेटीची, दुसरी जळालेल्या कागदाची. त्यामुळे नियम एकच. संशय असेल तेव्हा जतन करू नका. आधी प्रत काढा, आणि जे करायचं ते प्रतीवर करा.

पुस्तकांच्या बाबतीत तर दोन कुलपं आहेत. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आणि जुळणी पेजमेकरमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याची जागा इनडिझाइनने घेतली. ते काही काळ पेजमेकरच्या फायली उघडत असे, नंतरच्या आवृत्त्यांनी ते बंद केलं. म्हणजे छापील पुस्तक कपाटात आहे, त्याची फाईल प्रकाशकाकडे आहे, आणि दुसरी आवृत्ती काढायची तर सगळं पुन्हा टंकायचं, अशी वेळ येते. आणि त्या काळातल्या पीडीएफ? त्या उघडतात, सुंदर दिसतात. पण त्यात एखादा शब्द शोधायला जा, सहसा सापडत नाही. डोळ्याला उघडलेली फाईल शोधयंत्राला बंदच आहे.

रुमालांचा इतिहास

हे आपल्याकडे पहिल्यांदाच घडतंय का? मुळीच नाही. चौथी कडी वाचणाऱ्याची, आणि तिचा अनुभव महाराष्ट्राइतका कोणाला असणार?

कित्येक शतकं आपला रोजचा व्यवहार, दप्तर, हिशेब, पत्रं मोडीत चालली. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, भाषा मराठीच आहे. पण छपाई बाळबोधात आली, शाळेतून मोडी गेली, आणि दोन-तीन पिढ्यांत पणजोबांचं पत्र पणतवाला परकं झालं. वाहक आहे, वेष्टन आहे, संकेत जाणणारा माणूस दुर्मीळ झाला.

तेव्हा काय केलं गेलं? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करत राहिले, त्यांचे साधनांचे बावीस खंड निघाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते ३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. आजच्या भाषेत याला रूपांतर म्हणता येईल: जुन्या संकेतातून नव्या संकेतात. आणि ते अशा वेळी झालं, जेव्हा मोडी सहज वाचणारे लोक अजून हयात होते. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच कामाला शंभर वर्षं उशीर झाला असता तर काय अवस्था झाली असती, याची कल्पना करा. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये.

१९९५ ची श्री-लिपी किंवा आकृती ही आपली नवी मोडी आहे. फरक एवढाच, की मोडी विसरायला दोन-तीन पिढ्या लागल्या. ही एकाच पिढीत विसरली जाईल. कोणता फॉन्ट कोणत्या फायलीत वापरला होता, हे नजरेने ओळखणारे डीटीपी ऑपरेटर आज साठीच्या आसपास आहेत. रूपांतराच्या आज्ञावल्या आज मिळतात. जुन्या फॉन्टच्या फायली अजून कोणाच्या तरी संगणकावर आहेत. हे सगळं एकाच वेळी हाताशी असण्याचा काळ फार लांबणार नाही.

अन्वय आणि व्यतिरेक

मग प्रत्यक्ष करायचं काय? इथे पुन्हा आपलं तर्कशास्त्र मदतीला येतं. कारण कसं ओळखायचं? अन्वय: जिथे हे असतं तिथे ते असतं. व्यतिरेक: जिथे हे नसतं तिथे ते नसतं. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये जवळपास हेच आपल्या पद्धतीने मांडलं. न उघडणाऱ्या फायलीला ते असं लावायचं.

तीच फाईल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. तिथे उघडली, तर दोष फायलीत नाही. त्याच संगणकावर त्याच प्रकारची दुसरी फाईल उघडून बघा. तीही उघडली नाही, तर दोष आज्ञावलीकडे किंवा यंत्राकडे आहे. ती उघडली आणि आपलीच उघडली नाही, तर आता संशय फायलीवर. मग तिचा आकार बघा. शून्य असेल तर आत खरंच काही नाही, ही झाली योग्य अनुपलब्धी. आकार आहे, तर साध्या मजकूर-संपादकात प्रत उघडून पहिली काही अक्षरं बघा, म्हणजे कपाळावरची ओळख कळेल. चिठ्ठी एक आणि रूप दुसरं असेल, तर नाव दुरुस्त करा. आणि फाईल उघडली पण मजकूर अगम्य असेल, तर फॉन्टचं नाव शोधा. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवला की वर फॉन्टचं नाव दिसतं, तो फॉन्ट संगणकावर नसला तरी. ते नाव म्हणजे किल्लीचा क्रमांक. तो कागदावर लिहून ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि फाईल उघडली, तर कशामुळे उघडली ते कळत नाही, आणि पुढच्या शंभर फायलींना त्या यशाचा काही उपयोग होत नाही.

तुम्ही म्हणाल, हल्ली सगळं क्लाऊडवर असतं, आता ही चिंता कशाला? क्लाऊडने पहिली कडी सांभाळली, वाहकाची. बाकीच्या तीन कड्या जिथल्या तिथेच आहेत. न उघडणारी फाईल क्लाऊडवर ठेवली तर ती न उघडणारीच राहते, फक्त अधिक सुरक्षितपणे.

शेवटी

हे काम कोणी मोठी संस्था येऊन करील, याची वाट पाहू नये असं मला वाटतं. गावाच्या वाचनालयाचा शताब्दी अंक, एखाद्या मंडळाची इतिवृत्तं, एखाद्या बाईंनी निवृत्तीनंतर टंकून घेतलेलं आत्मवृत्त, पीएच.डी.चे प्रबंध, बोलीभाषेतल्या म्हणींचे संग्रह, हे सगळं त्या पंधरा वर्षांतलं आहे. त्यातलं पुष्कळसं कधी छापलंच गेलं नाही, म्हणजे कागदावर दुसरी प्रतही नाही. मोठ्या अभिलेखागाराला त्याचा पत्ताही नसेल. तो फक्त तुम्हाला आहे.

तेव्हा जुनी सीडी सापडली तर आधी मूळ फायली जशाच्या तशा उतरवून घ्या. त्यांच्यासोबत एका साध्या युनिकोड फायलीत लिहून ठेवा, की हे काय आहे, कोणाचं आहे, कोणत्या आज्ञावलीत आणि कोणत्या फॉन्टमध्ये आहे. जमलं तर तो फॉन्टही शेजारी ठेवा. मग रूपांतर, मग मुद्रितशोधन. आणि रूपांतर झालं म्हणून मूळ फाईल टाकू नका. राजवाड्यांनी लिप्यंतर केलं तरी मूळ कागदाचं मोल कमी झालं नाही.

आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर निदान एवढं करा. पडद्यावर ‘उघडता आली नाही’ असं आलं, तर ते वाक्य पुरतं वाचा. त्यात कर्ता कोण आहे ते बघा. उघडता आली नाही, ती या आज्ञावलीला, या यंत्रावर, आज. फाईल नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.